रोहण्याच्या पाण्याची बिअर

५ ऑक्टोबर २००३, दसरा
आज छायाला शब्द दिला. दारू बंद. सोनं वाटून आल्यावर देवासमोर, मयुरीच्या देखत. छाया म्हणाली, आता पुन्हा वास आला तर मी पोरीले घेऊन माहेरी रोहण्याले जाईन अन् वापस येनार नाई. मी म्हणालो, अगदी बरोबर. छाया अल्लीपूरच्या महिला मंडळाची अध्यक्ष. तिच्या नवऱ्याच्या तोंडाला चोरून भट्टी लावणाऱ्या कवडूच्या मोहाच्या दारूचा वास येणं शोभत नाही. तसाही मला कवडूचा माल कधी आवडलाच नाही. नाइलाज होता. अख्ख्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी, मग माणसाला चॉइस कुठे?

१२ ऑक्टोबर
दाढेसाठी हिंगणघाटला. डॉक्टरकडे गर्दी. टेबलावरचं इंग्रजी मासिक चाळलं. त्यात बिअरवर लेख. बेल्जियममध्ये साधू लोक स्वतः बिअर बनवतात. जर्मनीत गावागणिक पाणी बदलतं, म्हणून बिअर बदलते. लोक गावोगाव जाऊन चव घेतात, मार्क देतात. शिकलेले लोक. लेखात दारू हा शब्द कुठेच नव्हता. पानं फाडून आणली. डॉक्टरला कशाला हवीत?
दाढ राहिलीच. नंतर बघू.

१३ ऑक्टोबर
रात्रभर विचार केला. दारू म्हणजे मोह, गूळ, नवसागर. बिअर म्हणजे धान्य. भाकरीही धान्यच. छायाला शब्द दिला तो दारूचा. तो मी मरेपर्यंत पाळणार.

१८ ऑक्टोबर
अभ्यास दौरा. सोबत चंद्रभान. आमच्या कृषी केंद्राच्या बाजूला त्याचं टेलरिंगचं दुकान आहे, माणूस विश्वासाचा. एसटीनं नदीच्या पुलापलीकडे गेलो. तिकडे यवतमाळ जिल्हा लागतो आणि पूल संपला की पहिली पाटी बारची. बसमधले अर्धे लोक तिथेच उतरतात. कंडक्टर आता विचारतसुद्धा नाही.
दोन कंपन्यांच्या बिअरची तुलना केली. पहिली: रंग चांगला, फेस भरपूर, शेवटी कडवट. दुसरी: तशीच. चंद्रभानला मत विचारलं. तो म्हणाला, गजूभाऊ, थंडी हाय, एवढंच मले समजते. त्याला अजून तयार करावं लागेल.
घरी सांगितलं, कंपनीची डीलर मीटिंग होती. तोंडात बडीशेप, वेलची, लवंग, पान. छायाला सर्दी आहे. सगळं नीट जमून येत आहे.

२७ ऑक्टोबर, रोहणा
छायाला भाऊबीजेला घेऊन आलो. सासऱ्यांच्या विहिरीचं पाणी प्यायलो आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. केवढं गोड! लेखात लिहिलंय तेच. अल्लीपूरचं पाणी जड, रोहण्याचं हलकं. म्हणजे एकाच जिल्ह्यात दोन शैली! हे आजवर कोणाच्याच लक्षात आलं नाही. जगाला वर्धा जिल्हा कापसासाठी माहीत आहे. पुढे बघू.
येताना दुकानातली रिकामी प्लास्टिकची कॅन आणलीच होती. सोडा टाकून खळखळून धुतली आणि पाणी भरून घेतलं. सासरे सदाशिवराव ओट्यावरून बघत होते. म्हणाले, जवाईबापू, अल्लीपूरले पानी नाई काय? मी म्हणालो, ॲसिडिटीसाठी. ते पुन्हा सुपारी कातरायला लागले. त्या माणसाला कुतूहल म्हणून नाही.

६ नोव्हेंबर
गोदामात काम सुरू. जव पोत्यावर भिजवून मोड आणले, वाळवले, भरडले. यीस्ट बेकरीवाल्याकडून. लेखात हॉप्स नावाचं फूल सांगितलंय. ते विदर्भात नाही. त्याऐवजी काडेचिराईत. कडू ते कडू.
गोदामाचा फायदा असा की तिथे कीटकनाशकांशिवाय कशाचाच वास येत नाही. छायाचं नाक साधं नाही. नाल्याच्या रेतीत आंबायला पुरलेला मोहाचा सडवा ती काठावरून ओळखते. पण नवऱ्याच्या गोदामात येऊन नाक मुरडते आणि परत जाते.
अल्लीपूर शैली माठात. रोहणा शैली कॅनमध्येच, कारण माठ एकच आहे.

२१ नोव्हेंबर
माठातली चाखली. रंग: पावसाळ्यातल्या नाल्याचा. फेस: आला आणि गेला. चव: तापात देतात त्या काढ्याची, पण मागून काहीतरी येतं. पुन्हा चाखली, काय येतं ते कळण्यासाठी. नक्की येतं. शेवटी तिथेच पोत्यांवर आडवा झालो. छायाला सांगितलं, स्टॉक मोजत होतो.

३० नोव्हेंबर
आज तुलनात्मक चाचणी. मी अल्लीपूर, चंद्रभान रोहणा. मग अदलाबदल करायची, असं ठरलं. चंद्रभान म्हणाला, औषधासारखी लागून राह्यली गजूभाऊ. मी समजावलं, ती काडेचिराईताची खोली आहे, पी. तो बिचारा प्यायला. माझ्या शब्दाला तो कधी नाही म्हणत नाही.
अदलाबदल राहिली. मला डोळा लागला. उठलो तेव्हा चंद्रभान नव्हता. न सांगता गेला, हे मला आवडलं नाही.

१ डिसेंबर
चंद्रभान दवाखान्यात. काल त्याच्या दुकानाच्या पायरीवर पडलेला सापडला. उलट्या, तोंडाला फेस, अंग झटके देत होतं. लोकांनी जीपमध्ये घालून नेलं. डॉक्टर म्हणाले, दारूतून विष गेलंय. अजून शुद्धीवर नाही.
पानठेल्यावर सगळे म्हणत होते, कवडूनंच काहीतरी मिसळवलं असंल. मीही तिथेच होतो. मान हलली असेल. मानेवर माझा ताबा नव्हता.

२ डिसेंबर
सकाळीच गोदामात गेलो. कॅन फिरवून पाहिली. मागच्या बाजूला कीटकनाशकाचं अर्धवट फाटलेलं लेबल, त्यावर जहाल विषाचा लाल त्रिकोण. मी रोज गिऱ्हाइकांना सांगतो, बापहो, रिकामा डबा फोडून पुरा, धुऊन वापरू नका. रोज सांगतो. सांगून सांगून माणूस थकतो, त्याचंही लक्ष उडू शकतं.
रोहणा शैली नाल्यात ओतली. कॅन फोडून पुरली. हा पुरावा नष्ट करणं नव्हे, नियमच आहे तसा.
दुपारी छाया मंडळाच्या बाया घेऊन कवडूच्या भट्टीवर गेली. मडकी फोडली. पोलीस आले, कवडूला गाडीत बसवलं. चौकात कवडूची बायको कौशल्याबाई उभी राहून ओरडली, चंद्रभान दसऱ्यापासून आमच्याकडं आलाच नाई! तुमचाच मानूस त्याले घेऊन फिरते. आपलं घर पाहा पयले!
सगळ्या बाया छायाकडे बघायला लागल्या. छायानं मयुरीला ओढून पुढे घेतलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, माह्या घरात थेंब असंल तर ह्या पोरीचं वाईट होईल.
मी हापशीजवळ उभा होतो. मला भीती वाटली. खूप.
नंतर शांतपणे विचार केला. छाया घरात म्हणाली, गोदाम घरात येत नाही. आणि थेंब म्हणजे दारूचा. शपथ दोन्ही बाजूंनी भक्कम आहे.

५ डिसेंबर
उद्या ठाण्यात जाऊन सगळं सांगायचं. पक्कं. कवडू निर्दोष आहे, म्हणजे या प्रकरणापुरता.

६ डिसेंबर
आज बियाण्याची गाडी आली. उद्या.

८ डिसेंबर
विचार केला तर कवडूला ठाणं नवीन नाही. तिथे त्याच्या ओळखी आहेत. मला कोण ओळखतं? पहिल्यांदा जाणाऱ्या माणसाचे हाल होतात. शिवाय दुकानाचं लायसन्स. शिवाय मयुरीची सहावीची परीक्षा.
माठातली अल्लीपूर शैली मात्र निर्दोष आहे, हे लिहून ठेवलं पाहिजे. रोज तपासतो.

१० डिसेंबर
मयुरीला ताप. छाया तिच्या डोक्याशी बसून आहे, कपाळावर ओल्या पट्ट्या. मी म्हणालो, व्हायरल आहे, सगळीकडे चालू आहे. छाया म्हणाली, काऊन आला पन? मी कोनाचं काय वाईट केलं? तिला काहीच माहीत नाही. मी गोदामात जाऊन बसलो. विज्ञानाप्रमाणे शपथेनं ताप येत नाही. ग्लास संपेपर्यंत हे मला पटलेलं होतं.

१३ डिसेंबर
पोरीचा ताप उतरला. बघा, व्हायरलच होता.
चंद्रभान शुद्धीवर आला म्हणे. आनंद झाला. खरंच झाला. मग जेवण गेलं नाही.

१४ डिसेंबर
छाया दवाखान्यात जाऊन आली. मंडळातर्फे, चंद्रभानचा जबाब घ्यायला, कवडूविरुद्ध. त्याला धड बोलता येत नाही. तरी तिचा हात धरून म्हणाला, वहिनी, गजूभाऊले म्हना रोहण्याच्या पान्याची नका पिऊ. फेकून द्या म्हना. मी वाचलो, तुमी नाई वाचनार.
एवढंच म्हणाला. माझी काळजी करत होता.
हे छायानं मला सांगितलं ते पोळ्या लाटता लाटता. आवाज चढवला नाही. मग लाटणं खाली ठेवलं. म्हणाली, मी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. तुमी तिथंच उभे होते. मी बिअर आणि दारूतला फरक सांगायला सुरुवात केली. ती म्हणाली, उद्या सकाळी ठान्यात जा. कवडूले सोडवा. मग बोलू आपन.
म्हणजे अजून बोलायला वाव आहे. उद्या पहिलं काम हेच.

१५ डिसेंबर
गेलो. ठाण्यासमोरच्या टपरीवर चहा घेतला. आत कवडू बाकावर बसलेला दिसला. त्यानं मला पाहून हात जोडले. त्याला वाटलं, मी त्याला सोडवायला आलोय. मग माझा पायच उचलेना.
गोदामात आलो. धीर यावा म्हणून थोडी घेतली. अगदी थोडी. मग परत जाणारच होतो. दारात छाया उभी होती. या वेळी तिला सर्दी नव्हती.
ती स्वतः ठाण्यात गेली. तिथून कौशल्याबाईच्या दारात. भरचौकात तिच्या पाया पडली आणि म्हणाली, माही शपथ खोटी होती. मंडळाच्या बाया बघत होत्या. तिथेच अध्यक्षपद सोडलं. हे मला पानठेल्यावर कळलं. मी म्हणालो, बाईमाणूस, भावनेच्या भरात.

१६ डिसेंबर
छाया आणि मयुरी सकाळच्या गाडीनं रोहण्याला. स्टँडवर मी बॅग उचलायला गेलो तर मयुरीनंच उचलली. संक्रांतीला येतील.

१५ जानेवारी २००४, संक्रांत
आल्या नाहीत. एसटीचं काही खरं नाही.
कवडू सुटला. मला जबाबाला बोलावलं. साहेबांना जव, मोड, पाण्याचा फरक सविस्तर सांगितला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, चंद्रभानला आता सुई ओवता येत नाही, माहीत आहे काय? माहीत नव्हतं. दुकानाला सील लागलं. तेही बरंच झालं, मला वेळ मिळेल.

९ मार्च
संकल्प: एक तारखेपासून सगळं बंद. बिअरसुद्धा. त्याआधी पुलापलीकडे एकदा जाऊन अभ्यास पूर्ण करणे. चंद्रभानला विचारलं, येतोस का. त्यानं दार लावून घेतलं.

४ मे
सदाशिवराव आले. मयुरीचा शाळेचा दाखला न्यायला. अर्जावर वडलांची सही लागते म्हणून मला शाळेत बोलावलं होतं. सकाळपासून काही घेतलं नव्हतं, मुद्दाम. मयुरी फाटकाजवळ थांबली. उंच झाली आहे. मी हात केला, तिनं आजोबांकडे पाहिलं.
मुख्याध्यापकांनी विचारलं, शाळा सोडायचं कारण काय लिहू? मी काही बोलायच्या आत सदाशिवराव म्हणाले, पालकांची इच्छा.
सही करायला घेतली. पेन कागदावर टेकेचना, नुसतं इकडून तिकडे. मी म्हणालो, पेन खराब आहे. मुख्याध्यापकांनी स्वतःचं दिलं. तेही तसंच. मग सदाशिवरावांनी खुर्ची जवळ ओढली, माझं मनगट धरून टेबलावर दाबून ठेवलं आणि म्हणाले, करा आता.
सही एकदम स्पष्ट आली. पेनचाच प्रॉब्लेम होता.