प्रभाकरचा खर्ज

पुलगाव, १४ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस,
प्रभूमध्ये धाकट्या भावाचा सलाम. वि. वि. इकडे सगळे खुशाल. तुझे कान गेल्यापासून आपल्या दोघांत फोन नुसता शोभेचा उरला, म्हणून नेहमीप्रमाणे पत्र.

बातमी अशी की साठीत मला खर्ज लागला! नाताळच्या आदल्या संध्याकाळी आपल्या चर्चचे पुरुष गल्लोगल्ली गात फिरतात आणि बाया घरी करंज्या तळतात, ही रीत तुला ठाऊकच आहे. मेंढपाळांचं ते जुनं गीत यंदा आपल्या गायनमास्तर रूपरावजींनी चार पुरुषी आवाजांत बसवलंय: दोन वरचे, एक मधला आणि एक अगदी खालचा. खालचा मी. दसऱ्यापासून माझा आवाज उतरतच चाललाय. जरा खरखरीत झालाय, पण खालच्या सुरांना तेच शोभतं, असं रूपरावजींचं मत. त्यांनी माझ्यासाठी अख्खं गीत दोन सूर खाली आणलं. अंधारात मेंढपाळ घाबरतात ती ओळ मी एकटा म्हणतो. मंडळी म्हणते अंगावर काटा येतो. तुझी भावजय मंजुषा म्हणते, घरात बैल हंबरून राह्यला.

माया आहे तशीच राहू दे.
तुझा,
प्रभाकर

हिंगणघाट, १९ नोव्हेंबर

चि. प्रभाकरास अनेक आशीर्वाद.
पत्र वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. अरे, साठीत कुणाला खर्ज लागत नसतो. मी उभी हयात दवाखान्यात नर्स म्हणून काढली, माझं ऐक. गिळताना टोचतं का? एका बाजूचा कान दुखतो का? वजन उतरलं का? थट्टा न करता लिही. मला ऐकू येत असतं तर तुझ्या पहिल्याच फोनला कळलं असतं, हा विचार डोक्यातून जात नाही.

वर्ध्याला जाऊन घशाच्या डॉक्टरला दाखवून ये. तोवर मला अन्न गोड लागायचं नाही.
तुझ्यावर जीव असलेली,
आनंदाताई

पुलगाव, २७ नोव्हेंबर

ती. ताईस सलाम. वि. वि.
तू रिटायर झालीस, तुझ्यातली नर्स काही होत नाही! विचारलंस म्हणून सांगतो. गिळताना टोचतं थोडं, पण मंजुषाची भाजीच तशी तिखटजाळ असते. डावा कान दुखतो. कानाचं दुखणं आपल्या घराण्यातच आहे, तुझ्यामागून माझा नंबर. पँटी सैल झाल्या, पट्ट्याला नवं भोक पाडलं. मंजुषा खूश आहे, म्हणते पोट गेलं एकदाचं.

नाताळ झाला की दाखवतो, देवाशपथ. आता मी दवाखान्यात जाऊन बसलो तर खालचा आवाज कोण धरेल? सगळं गीत माझ्यावर उभं आहे. उगाच काळजी करून बीपी वाढवू नकोस.
रागावलीस तरी विसरू नकोस,
प्रभाकर

हिंगणघाट, १ डिसेंबर

श्री. रूपरावजी यांस आनंदाबाईचा सलाम.
तुम्हाला बोल लावायला लिहीत नाही. पण ज्याला तुम्ही खर्ज समजलात तो आजार आहे, अशी मला भीती आहे. घसा, कान, वजन, सगळ्या खुणा जुळतात. प्रभाकर माझं ऐकत नाही आणि गीत सोडून तो कुठे जाणार नाही.

माझ्यासाठी एवढं करा. गीत पुन्हा पहिल्या पट्टीत न्या आणि त्याला बाकीच्यांबरोबर गाऊ द्या. काय होतं ते तुम्हीही ऐकाल, तोही ऐकेल. हे दुष्टपणाचं आहे, मला कळतं. दुसरा उपाय सुचत नाही.
तुमची कृपा मागणारी,
आनंदाबाई

पुलगाव, १४ डिसेंबर

ती. ताईस सलाम.
तुझं पत्र रूपरावजींनी नंतर दाखवलं. दोन दिवस तुझा राग केला. आता त्यालाही ताकद नाही.

रविवारी त्यांनी पट्टी चढवली. सगळे गायले. मी तोंड उघडलं तर नुसती हवा आली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा हवाच. एकेक जण गायचा थांबला. रूपरावजींच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, तुह्या दुखण्यावर मी चाल बसवून राह्यलो होतो आन् मले समजलंच नाई. दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला वर्ध्याला नेलं. डॉक्टरांनी नाकातून दुर्बीण घातली, तुकडा काढला. काल रिपोर्ट आला. कॅन्सर आहे. स्वरयंत्र काढलं तर वाचाल, असं म्हणतात. तेवीस तारीख दिलीय.

मी अजून हो म्हटलेलं नाही. ताई, मला फार भीती वाटते. मरणाची कमी, मुकेपणाची जास्त. मंजुषाला हाक मारता यायची नाही, भांडता यायचं नाही, चर्चमध्ये उभं राहून गाता यायचं नाही. असं मुकं माणूस घरात कुणाच्या कामाचं? मंजुषा रडून राह्यली. तिला काय सांगू?
तुझा,
प्रभाकर

हिंगणघाट, १७ डिसेंबर

चि. प्रभाकरास आशीर्वाद.
मुकं माणूस कुणाच्या कामाचं, हे तू मला विचारतोस? इतकी वर्षं झाली, तुझा आवाज माझ्या कानी पडलेला नाही. तो बारीक होता की जाड, आता आठवतही नाही. तरी या वर्षांत तू माझ्याशी भांडलास, रुसलास, मंजुषाच्या भाजीला नावं ठेवलीस, माझी टर उडवलीस आणि परवा भीती वाटते म्हणालास. ते सगळं मला पोचलं. भाऊ म्हणून तू मला कधी कमी पडला नाहीस.

भीती मलाही वाटते. ऑपरेशनच्या टेबलावर काय काय होऊ शकतं ते मी पाहिलंय, म्हणून तुझ्याहून जास्तच. प्रार्थनेला बसते आणि शब्द सुचत नाहीत. पण तेवीस तारीख टळली तर काय होतं, तेही पाहिलंय. ते मला तुझ्या बाबतीत पाहायचं नाही.

शनिवारी मी येते. ऑपरेशनच्या कागदावर सही माझ्यासमोर कर. मंजुषाला सांग, नणंद महिनाभर राहणार आहे. नाताळच्या संध्याकाळी रूपरावजी सगळ्यांना घेऊन दवाखान्याच्या फाटकापाशी येऊन गातो म्हणाले, तर येऊ दे त्यांना. तुला म्हणता येणार नाही, मला ऐकू येणार नाही. आपण दोघं खिडकीशी बसू.
तुझ्या होकाराची वाट पाहणारी,
आनंदाताई