गोळ्यांचा कडक उपास

२ फेब्रुवारी, सोमवार
अक्षता, आजी सांगते ते लिही. लिही, पण वाचू नकोस.

शिमग्याला देवाची पालखी गावात घरोघर जाते. आमच्या दाराला कुलूप. देव कुलपाला भेटून पुढे जातो. काल गावी जायचा विषय काढला तर नितेश, माझा लेक, म्हणतो, आई, यंदाही कठीण आहे, बीपी-शुगरच्या औषधांतच पगार चाललाय ना. म्हणजे अख्खं गाव मीच गिळलं!

ठरलं. आज सोमवार. उपासाला अन्न चालत नाही, गोळी तरी का चालावी? तीही पोटातच जाते. बचत आणि पुण्य एकदमच.

५ फेब्रुवारी, गुरुवार
संकष्टी. गोळी बंद. साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, वर दोन केळी. सुनेने विचारलं, आई, गोळी घेतली का? मी डोळे मिटून जप सुरू केला. जपात बोलत नाहीत.

७ फेब्रुवारी, शनिवार
मारुतीचा वार. आधी करत नव्हते. या वयात भक्ती वाढतेच. अक्षता म्हणते, आजी, डॉक्टरांना विचारू या. म्हटलं, विचारायचीही फी असते गं.

१० फेब्रुवारी, मंगळवार
देवीचा वार. डोकं हलकं झालंय, चालताना लादी हलते. औषध अंगातून निघतंय, दुसरं काय. तहान फार, पण पाणी फुकट.

नितेश खूश. म्हणाला, या खेपेला केमिस्टकडे जावंच लागलं नाही. बोरिवलीहून एसटीची तिकिटं काढलीसुद्धा! झकास.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
एकादशी. शेजारच्या नीलाताईंना युक्ती सांगितली. म्हणाल्या, जानकीबाई, वेड लागलंय का? गोळीने उपास मोडत नाही, माणूस मोडतो. लोकांची श्रद्धाच उरली नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार
महाशिवरात्र. बाथरूमपाशी जरा बसले. पडले नाही. बसले. जोरात.

१९ फेब्रुवारी, गुरुवार. हॉस्पिटल
आयसीयूतून काल बाहेर आणलं. डॉक्टर म्हणाले, पक्षाघाताचा छोटा झटका होता. छोटा म्हणजे स्वस्त असेल असं वाटलं. नितेशची एफडी मोडली.

डावा हात अजून ऐकत नाही. गोळ्या पूर्वीपेक्षा जास्त, शिवाय रोज इन्सुलिन. नर्सला विचारलं, उपासाला चालतं ना? म्हणाली, आजी, आता उपासच चालणार नाहीत. सुई घेतली की वेळेवर जेवायचं.

नितेश ओरडला असता तर बरं झालं असतं. चमच्याने पेज भरवत होता. मग तिकिटं रद्द केली आणि गावी राजारामला, आमच्या शेजाऱ्याला, फोन लावला. पालखी आली की आमच्या दारात नारळ ठेव रे, आई येत नाही. राजारामने कारण विचारलं असावं. नितेशने माझ्याकडे बघितलं. म्हणाला, काही नाही रे, जरा देवाचं जास्त झालं.