ऊर्मीच्या पोथीची समाप्ती

दिवेआगर,
श्रावण वद्य पंचमी

ग्रंथकर्ते चि. हर्षद यांस दिवेआगरहून अनेक आशीर्वाद. ('यांस' हा मान कादंबरी लिहिल्याबद्दल, 'चि.' मात्र नेत्राच्या धाकट्या भावाला जन्मभर चिकटलेले आहे, त्याला इलाज नाही.) तुझी प्रकृती ठीक असावी. इकडे आम्ही क्षेम. तुझ्या बहिणीचा गुडघा पावसाच्या अगोदर पाऊस सांगतो, माझे जोडे माळ्यावर बुरसत आहेत, आणि घरात वाळलेला एकही टॉवेल नाही. एकूण श्रावण व्यवस्थित चालू आहे. खारघरला तुमच्या बियाण्यांच्या कंपनीत सर्व कणसे एका उंचीची होऊ लागली असतील अशी आशा करतो. हे सारे फोनवर विचारता आले असते. पण फोनवर तू 'प्रतीकात्मक' असा शब्द काढतोस, नेत्रा फोन ठेवते, आणि मूळ विषय राहून जातो. म्हणून पत्र.

विषय तुझी कादंबरी. 'दोषमुक्त' ही तू शुद्धलेखन तपासायला पाठवलीस, आणि मी ती तपासलीही असती. परंतु मध्यंतरी तिची पोथी झाली. हे मी गौरवाने म्हणत नाही. घडले ते सांगतो. तुझी छापील पाने सुटी आली. पुस्तकासारखी शिवून पाठवली असतीस तर पुढचा प्रकार टळला असता. तुझ्या बहिणीने ओल लागू नये म्हणून ती दोन फळ्यांमध्ये घातली, वर लाल फडके बांधले, आणि गठ्ठा देवघराच्या फळीवर ठेवला, जिथे दरवर्षी श्रावणात देवळात वाचायची पोथी असते. (पोथी त्या वेळी माझ्या टेबलावर होती, तिच्या दोन पानांना वाळवी लागली होती. वाळवी तुझ्या पानांना का लागली नाही यावर मी मत देत नाही.) नेमके त्याच वेळी मला श्रीवर्धनला जावे लागले. संस्कृत संगणकावर कसे शिकवावे याचे शिबिर होते. संगणक शेवटच्या दिवशी आला.

माझ्या गैरहजेरीत वाचायला गणराज बसतो. तुला तो आठवत असेल, गोदूकाकूंचा मुलगा, ज्याने वाडीत पर्यटकांसाठी खोल्या काढल्या आहेत. त्याचा आवाज उत्तम, ठेका उत्तम. अर्थाशी त्याचे वैर नाही आणि ओळखही नाही. त्याने आमच्या घरून लाल फडक्यातला गठ्ठा उचलला, सभामंडपात पाटावर ठेवला, हळदकुंकू वाहिले, श्रोत्यांकडून हातात अक्षता घेऊन संकल्प सोडवला, नारळ फोडला आणि सुरुवात केली. पहिल्या पानावर तू 'आईच्या चरणी' असे छापले आहेस. मंडळींनी नमस्कार केला. त्यानंतर भावी काळी मुले काचेच्या भांड्यांत वाढतील, संचालक नावाचा पुरुष प्रत्येक गर्भाचे गुणदोष पाहून ठेवील किंवा टाकील, असे वर्णन आले. कुणालाही त्यात नवल वाटले नाही. घड्यात वाढलेली मुले आपल्या पुराणांत शंभराच्या हिशेबाने आहेत, आणि कलियुग याहून वाईट होणार हे गोदूकाकूंनी लहानपणीच ऐकलेले आहे. भाषा तेवढी अलीकडची आहे, असे म्हणे कुणी तरी म्हणाले, त्यावर काकू म्हणाल्या, "मास्तरांनी सोपी करून आणली असेल. बरं केलं."

चार दिवसांनी मी परतलो तोवर गावात तीन माणसे वाढली होती: संचालक, मालिनी आणि ऊर्मी. तुझ्या प्रयोगशाळेत काम करणारी मालिनी टाकून द्यायच्या भांड्यातले, डाव्या हाताला सहा बोटे असलेले मूल चोरते, ऊर्मी नाव ठेवून लपवून वाढवते, आणि संचालक त्या पोरीच्या मागावर असतो. (हे तुला मी का सांगतो आहे? कारण तुझी शैली पाहता ते तुझ्याही लक्षात राहिले असेलच असे नाही.) आमच्या पिठाच्या गिरणीत आता मालिनीने पोरीला कुठल्या वाटेने न्यावे याची चर्चा चालते. सहाव्या बोटाचा उगम मी ओळखला. सुट्टीत येत होतास तेव्हा केसर कोळणीच्या हातून बांगड्यांचा वाटा घेताना तुझी नजर तिच्या डाव्या हातावरून हलत नसे. केसरनेही ओळखला आहे. नारळी पौर्णिमा झाली तरी दर्या खवळलेला, होड्या बंद, म्हणून तिला वेळ आहे. ती रोज सभामंडपाच्या खांबाशी बसते, हात पदराबाहेर ठेवून.

संचालकालाही एक भक्त मिळाला. रावजी बागायतदार दुसऱ्याच दिवशी म्हणाला, "त्या बाबाचं चुकलं काय? मी पण झाड बघूनच रोपाला नारळ ठेवतो. वाकड्या माडाचं बी कोण धरतं?" यावर खांबापाशी केसर बोलली, "तुजं निवडलेलं माड वादलात पयले झोपलं, रावजीशेट. हिरीवरचा वाकडा तेवढा उभा हाय. त्याचंच नारल इकतोस न्हव?" रावजीने टोपी सारखी केली आणि गणराजला पुढे वाचायला सांगितले. तुझ्या कादंबरीवरची इतकी नेमकी चर्चा यापुढे कुठे होईल असे वाटत नाही. ती अनुभवायला तू नव्हतास, हे बरे झाले.

आता अडचण ऐक. पोथी वाचताना त्या दिवसाचे वाचन अशुभ जागी थांबवत नाहीत, हे तुला ठाऊक असेल. नसेल तर ते नेत्राला कळू देऊ नकोस. कुणी मेले, कुणी शाप दिला, की तसेच पुढे वाचत जायचे. जन्म, लग्न, निदान कुणी पोटभर जेवले, असे काही आले की तिथे खूण घालून पोथी बांधायची. तुझ्या ग्रंथात थांबायला जागाच नाही. पहिल्या संध्याकाळी गणराज घसा सुकेपर्यंत वाचत गेला. एकामागून एक भांडी फुटत होती. अखेर 'मालिनीने दिवा लावला' हे वाक्य आले (तो प्रयोगशाळेतला दिवा होता, आणि तो तिने संचालकाची कपाटे उघडण्यासाठी लावला होता, पण दिवा तो दिवाच), तेव्हा मंडळी हात जोडून घरी गेली. दुसऱ्या दिवशी संचालकाने चहा घेतला. त्यावर बराच वाद झाला. साखर होती असे पुढच्या ओळीत निघाल्यावर तो शुभ धरण्यात आला. तिसऱ्या दिवशी मात्र शुभ काही सापडेना, तेव्हा मुकाट्याने आदल्या दिवशीचा चहा पुन्हा वाचला.

मी आलो आणि पोथी माझ्यापुढे सरकवली गेली. हे काय चालले आहे ते मला पहिल्याच पानावर कळले. पण संकल्प सुटलेला, नारळ फुटलेला, आणि साठ-सत्तर माणसे ऊर्मी वाचते की नाही या चिंतेत. ही पोथी नव्हे, आमचा मेहुणा आहे, असे सांगायला मी तोंड उघडले होते. गोदूकाकूंनी त्यात तीर्थ घातले. म्हणून वाचत राहिलो, आणि वाचता वाचता डोळा पुढे टाकून तुझे शेवटचे पान पाहिले. ऊर्मी समुद्राच्या फाटकापाशी सापडते, संचालक तिला नष्ट करवतो, मालिनीच्या डोक्यातून तिची आठवणही काढून टाकतात, आणि 'कुणालाही काही आठवले नाही' असे म्हणून तू ग्रंथ संपवतोस. कला म्हणून मला हे मान्य आहे. (नेत्राला नाही. 'आईच्या चरणी हे ठेवलं त्यानं?' एवढेच ती म्हणाली.) पण ही समाप्ती सभामंडपात वाचता येत नाही. मी घसा बसल्याचे सांगून पोथी बांधली, आणि तेव्हापासून काढा पितो आहे.

माझ्या घशापायी अडकली आहे ती हेमांगी. गणराजची बायको, पहिलटकरीण, आता नववा लागतो आहे. तिचे माहेर थळचे. बाळंतपण तिकडेच ठरले आहे. तिथून अलिबाग जवळ, दवाखाना जवळ. तिचा भाऊ मितेश गाडी घेऊन दोनदा येऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी बजावले आहे की या आठवड्यात जायचे तर जा, पुढे दिघीच्या जेट्टीवरून खाडी ओलांडून गाडीत बसून तो सगळा रस्ता करायचा नाही. पण संकल्पाच्या वेळी अक्षता घेऊन हेमांगी पुढच्या रांगेत बसली होती, आणि काकूंचे मत असे की ऐकायला घेतलेली पोथी अर्धी टाकून गरोदर बाईने खाडी ओलांडू नये. "त्या पोरीचं काय झालं हे न कळता ही तिकडे झोपेल तरी का?" असे त्या मला विचारतात. आणि काय झाले ते कळले तर झोपेल का, हे मी त्यांना विचारू शकत नाही. गणराज खोल्यांचे बुकिंग सोडून माझ्या काढ्याला आले किसून देतो. हेमांगी काल विहिरीपाशी भेटली तेव्हा तिने पोटावर हात ठेवून हळूच विचारले, "सर, ऊर्मीला पकडत नाहीत ना?" मी घशाकडे बोट दाखवले.

तरी ग्रंथकर्ते, विनंती एवढीच की रविवारच्या आत तीन-चार पाने नवी लिहून पनवेलच्या एसटीत वाहकाबरोबर पाठव. ऊर्मी वाचली पाहिजे, एवढी एक अट. संचालकाला काय वाटेल ते होऊ दे. रावजी सोडून त्याचे इथे कुणी नाही. ज्याने माणसाच्या गर्भातले सगळे दोष काढून दाखवले त्याला स्वतःच्या पुस्तकातला एक काढणे जड जाऊ नये.

तुझा काढाग्रस्त भावोजी

ता. क. १ : वरील पत्र रविवार उलटून गेल्यावरही माझ्याकडेच होते, असे आज लक्षात आले. ते पोथीच्या फळ्यांमध्ये ठेवले होते. म्हणजे तुझी पाने आली नाहीत यात तुझा दोष नाही. रविवारी मंडप भरला, हेमांगीचे सामान आधीच गाडीत, मितेश चाक तपासण्याच्या निमित्ताने बाहेर. मी शेवटचे पान समोर धरले आणि जे त्यावर नव्हते ते वाचले. तूच पूर्वी लिहून ठेवले आहेस की समुद्राचे फाटक हाताचा पंजा पाहून उघडते किंवा अडवते. ऊर्मीने डावा पंजा लावला. यंत्राला पाच बोटांची सगळी माणसे पाठ होती. सहावे बोट पाहिल्यावर अडवायचे कुणाला हेच त्याला ठरवता येईना, आणि ते उघडले. पलीकडे एक होडी होती. होडीत कोण होते हे मी सांगितले नाही, पण मंडपाने खांबाकडे पाहिले. केसर म्हणाली, "आता बगता काय? भरती हाय, पोर न्यायला नको?" फलश्रुतीही आयत्या वेळी केली: ही कथा जो ऐकेल त्याच्या घरी जे मूल येईल, ते जसे येईल तसे बरोबर आले असे समजावे. समाप्तीचा नारळ रावजीने आणला होता. कुठल्या माडाचा हे त्याने सांगितले नाही. गाडी दिघीकडे गेली.

ता. क. २ : तुला फोनवर कळलेच असेल. हेमांगीला थळला मुलगी झाली, दोघी खुशाल. केसरने गणराजकडून तीनदा खात्री करून घेतली आणि जरा हिरमुसली. "पाचच हायत व्हय," म्हणाली. मग म्हणाली, असू दे, हाय ती आपलीच.

ता. क. ३ : मूळ काम आता लिहितो. गणपती झाल्यावर थळला बारसे आहे आणि नाव ऊर्मी ठरले आहे. ते 'पोथीतले' म्हणून ठरले आहे. पोथी कुणाची हे मी अखेर सांगितले. कुणी रागावले नाही, उलट पुस्तक निघाले की प्रत्येक घरी एक प्रत घ्यायची असे ठरून गेले. तेव्हा ते छापशील ते पाहून छाप. मी आग्रह करत नाही. बारशाला मात्र तुला यावे लागेल. कर्ता आल्याशिवाय नाव ठेवायचे नाही असे गोदूकाकूंनी काढले आहे, आणि केसर बांगडे घेऊन तिकडेच असणार. तुझे शेवटचे पान मी काढून ठेवले आहे, ते आलास की देईन. तुझ्या संगणकात त्याची दुसरी प्रत आहे हे मला ठाऊक आहे. केसरला नाही.