आप्पांचा घोटा

दार्सैत, मस्कत
५ सप्टेंबर २०२५

प्रिय कौशिकदादा,

जय भीम. इकडे सगळे बरे आहेत, उकाडा तेवढा हटत नाही. वहिनीचे गुडघे कसे आहेत?

कॉलेजच्या स्मरणिकेसाठी तू आप्पांवर लिहिलेला लेख चारदा वाचला. १९५६चा फुटबॉल हंगाम छान उभा केलास. अनवाणी खेळणारी पोरं, गोलकीपर सदानंद म्हणजे आपले आप्पा, सलग पाच सामन्यांत एकही गोल खाल्ला नाही. आणि मग हे वाक्य: ‘घोट्याच्या दुखापतीमुळे ते अंतिम सामन्याला मुकले.’

कुठली दुखापत रे? सामना दसऱ्याला होता. आप्पा पांढरा सदरा घालून धम्मदीक्षेला नागपूरला गेले होते, कॅप्टनला आधी सांगून. टीम हरली. खेळाच्या सरांनी जर्सी काढून घेतली, ग्रुप फोटोत उभं राहू दिलं नाही. जेवताना हेच ऐकत आपण मोठे झालो.

फोनवर तू म्हणालास, “वैशू, कॉलेजचं प्रकाशन आहे, त्यात राजकारण कशाला?” वीस वर्षांच्या पोराने काय निवडलं, ते राजकारण? संताप आला. फोन आपटला.

पण दादा, घोटा तुला सापडला कुठे, ते आपण दोघंही बोललो नाही.

जानेवारीत आप्पा इथे होते. इथल्या कुरुम भागात मराठी मंडळाच्या कार्यक्रमात सूत्रसंचालन करणाऱ्या मंगलाताईंनी माइकवर विचारलं, “काय हो काका, फायनल कशी हुकली? घाबरलात की काय?” आप्पा उत्तर द्यायला उठत होते. त्यांच्या आधी मीच बोलले, “घोटा मुरगळला होता.” सगळे हळहळले. त्याचा व्हिडिओ मीच तुला पाठवला.

गाडीत आप्पांनी विचारलं, “कुठला पाय गं? उजवा की डावा? पुन्हा कोणी विचारलं तर चूक नको व्हायला.”

डायरीत मी लिहिलं, ‘आप्पा थकले होते, म्हणून मी उत्तर दिलं.’ तेही खोटं. अठरा वर्षं या लोकांच्या पंगतीत बसतेय. आपण कोण हे त्यांना कळेल, या भीतीने बोलले.

आज स्मरणिकेच्या संपादकांना खरं कारण माझ्या नावाने कळवलंय. लेख तुझा आहे, राग आला तर मागे घे. पण ते वाक्य छापू देणार नाही. मंगलाताईंनाही फोन करून हेच सांगितलं. त्या म्हणाल्या, “बरं.”

रविवारी दुपारी आप्पांना हे सगळं सांगायला तुझ्या घरी फोन करणार आहे. स्पीकरवर ठेव, आणि तू खोलीतून उठून जाऊ नकोस.

तुझ्याआधी खोटं बोललेली,
वैशाली