बारकीचे चावलेले ठोकळे आणि एक बंद खोका

मी, खाली सही करणारी, वय त्र्याहत्तर, धंदा कवळ्या आणि दात घडवण्याचा, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणी दडपण आणलेले नाही, आणणारे माणूस घरात उरलेले नाही.

१. कामाची खोली सोडून बाकीचे राहते घर माझ्या धाकट्या भावाला द्यावे. मी खेळण्यातल्या ठोकळ्यांपायी खुळी झाले आहे असे त्याने सगळ्या नातेवाइकांना फोन करकरून सांगितले. तरीही घर त्यालाच. आमचे आईवडील आता फक्त आम्हा दोघांना आठवतात, आणि माझ्यानंतर त्याला एकट्यालाच.

२. कामाची खोली, कवळ्या घासून गुळगुळीत करायचे यंत्र, मेणाच्या सुऱ्या आणि बँकेतली ठेव माझ्या हाताखाली शिकलेल्या मदतनीस बाईंना मिळावी. मोठी सुरी डाव्या हाताने धरू नये, हे त्यांना शेवटचे सांगणे. फळीवरचा प्लास्टरचा लहान साचाही त्यांनीच सांभाळावा. तो माझ्या मुलीच्या दातांचा आहे.

३. हा साचा म्हणजे काय, ते सांगणे भाग आहे. माझी मुलगी, घरातले नाव बारकी, लहानपणापासून अंतराळाच्या ठोकळ्यांची वेडी, ते एकमेकांत बसवून जोडायचे प्लास्टिकचे. करडा चांद्रतळ, निळी याने, पिवळ्या पारदर्शक काचा, लाल-पांढरे अंतराळवीर. चपटे ठोकळे एकमेकांना घट्ट बसले की ती दातांनी सोडवायची. मी दातांचे काम करणारी, माझ्यादेखत हे चालायचे. ओरडून थकले. जिन्यावर पडून तिच्या पटाशीच्या दाताचा टवका उडाला होता आणि शेजारचा दात जरा वळलेला होता, म्हणून शाळेत असताना मी तिचा साचा घेतला. मोठी झाल्यावर पहिल्या पगारापासून तिने तेच जुने संच पुन्हा जमवायला घेतले, आणि दातांनी सोडवायची सवय तेव्हाही सुटली नाही. लग्नानंतर तिच्या घराची एक भिंत यानांनी भरली. जावई फळ्या ठोकून द्यायचा आणि पुसायचाही.

मग ती आजारी पडली आणि गेली. छत्तीस वर्षांची होती.

महिना उलटायच्या आत जावयाने सगळी भिंत जुन्या खेळण्यांच्या दुकानदाराला विकली. मला विचारले नाही. मी जाब विचारायला गेले तेव्हा तो रिकाम्या फळ्यांसमोर बसलेला होता. एवढेच म्हणाला, "घरात शिरलं की ती सगळी यानं माझ्याकडे बघतात, आई. मला श्वास घेता येत नाही." मी उलट्या पावली निघाले. त्यानंतर त्याच्या फोनला मी कधी नीट उत्तर दिले नाही.

४. दुकानदाराने चांगले संच विकून टाकले होते. चावलेले ठोकळे ग्राहक घेत नाहीत, ते त्याने मोडतोडीच्या टोपलीत घातले होते. मी साचा घेऊन गेले आणि भिंगाखाली एकेका ठोकळ्यावरचे दातांचे ठसे त्याच्याशी जुळवत बसले. आधी तो हसला. मग त्याने मला खुर्ची दिली. पुढे कुठूनही चावलेला माल आला की तो मला बोलावून घ्यायचा. जगातली सगळीच पोरे ठोकळे चावतात, हे मला तेव्हा कळले. जे तिचे नव्हते ते मी परत टोपलीत ठेवले. तेही कोणाचे तरी होतेच. तिचे जेवढे मिळाले त्यांचा चांद्रतळ केला आहे. त्याला छप्पर नाही, अर्धी भिंत नाही. तो दुकानदाराने आपल्याकडे ठेवावा. विकू नये, आणि दुसरे ठोकळे लावून पुरा करू नये.

५. देह दंतमहाविद्यालयाला द्यावा. माझे सगळे दात शाबूत आहेत, विद्यार्थ्यांनी बघून घ्यावेत.

६. राहिला कपाटातला खोका. मोठ्या अंतराळयानाचा जुना संच, कारखान्याची चिकटपट्टी अजून तशीच. हा बारकीला फार वर्षांनी सापडला आणि त्याच आठवड्यात तिला दवाखान्यात ठेवावे लागले. मी उशाशी असताना म्हणाली, "आई, खोका कुणी उघडू नका हं. मी घरी आले की आपण तिघं मिळून जोडू."

सगळे विकले तरी हा जावयाला विकवला नाही. एके दुपारी तो माझ्या दारात आला, म्हणाला, "हा मला ठेवताही येत नाही आणि देताही येत नाही." मी खोका घेतला आणि दार लावले.

हा खोका मी जावयाला परत देते. बाहेरचे लोक त्याची मोठी किंमत सांगतात, ती बंद खोक्याची असते. त्याने तो उघडावा आणि यान जोडावे. मी कितीदा तरी कात्री घेऊन बसले. पट्टी कापली की ती घरी येणार नाही हे माझ्या तोंडून वदवल्यासारखे होईल, म्हणून कात्री ठेवून दिली. ते काम मी त्याच्यावर टाकून जाते आहे. तो तिचा नवरा होता, आणि मी दार लावून त्याला एकटे सोडले, तरी तो माझाही मुलगा होता. त्याने एकट्याने बसू नये. माझ्या भावाला बोलवावे.

वाचून पाहिले, बरोबर आहे.

सही : बारकीची आई

साक्षीदार १ : जुन्या खेळण्यांचे दुकानदार
साक्षीदार २ : तळमजल्यावरच्या डॉक्टरीणबाई

स्थळ : राहते घर, कामाची खोली
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२६