सरांचा तिवरांवरचा लेख

मुलुंड, शुक्रवार, १२ डिसेंबर १९८६

बोरिवलीला जाऊन आले. जेवायची इच्छाच नाही.

ज्या सरांनी मला संशोधन शिकवलं, त्यांचा खाडीकाठच्या तिवरांच्या झाडांवरचा लेख आम्ही आमच्या नियतकालिकात छापला, आणि तोच, शब्दन् शब्द, दुसऱ्या नियतकालिकातही आलाय. संपादक मी, म्हणून जाब विचारणं माझ्याकडे. संपादक मंडळातले म्हणत होते, "नाव घालून निषेध छापा." मीही रागातच गेले होते.

सर केवढे खूश झाले! "नलिनी, बरं झालं आलीस. तुमच्यासाठी नवीन लेख लिहिलाय." हातात कागद ठेवले. तिवरांवरचाच. पुन्हा सगळा हाताने लिहिलेला.

"सर, हा आपण छापला ना?"

"छापला कसा असेल गं? कालच तर पुरा केला."

मग मी तिवरांबद्दलच बोलत बसले.

निघताना काकू, सरांच्या पत्नी, जिन्यापर्यंत सोडायला आल्या. "वर्षभर असंच चाललंय. तोच लेख लिहितात, पाठवतात, विसरतात. पण आजाराचं कुणाला सांगू नकोस हं. लोक कीव करतील, ते त्यांना सोसायचं नाही."

आजार सांगितला नाही, तर सर लबाड ठरणार. सांगितला, तर काकूंचा शब्द मोडणार. मग काय करू?

शेवटी खुलासा लिहिला: 'लेखकाने परत मागितलेला लेख आमच्या चुकीने छापला गेला. दोष संपादकाचा.'

साफ खोटं. सरांच्या हाताखाली असते, तर त्यांनी हे वाक्य खोडून मला परत लिहायला बसवलं असतं.