एक उतारू जास्त

३ मार्च

ती. आत्यास,

शि. सा. न. वि. वि. नमस्कार आखूड झालाय. छापखान्याचे मालक टेबलाशी घुटमळतायत आणि मी कामाचं पत्र लिहितेय असं भासवायचं आहे.

बातमी अशी, की दादाचं तिसरं प्रांतपुस्तक माझ्या गळ्यात पडलंय. तू हसशील. त्याचा तो खेळ मला कधी धड कळला नाही. चार-पाच जण टेबलाभोवती बसणार, एक जण सूत्रधार होणार, बाकीचे कुणी योद्धा, कुणी वैद्य, कुणी भुरटा चोर. सूत्रधार सांगणार की पुढे नदी आहे, आता काय करता? पार झालात की बुडालात, ते फासे ठरवणार. त्या कल्पित दुनियेतल्या एकेका मुलखाची माहिती सूत्रधाराच्या हाताशी असावी, म्हणून प्रांतपुस्तक. डोंगराचा प्रांत आणि वाळूचा प्रांत दादाने लिहिले, नकाशे तू काढलेस. दलदलीचा प्रांत अर्धा झाला आणि तो खरीखुरी दलदल बघायला म्हणून होडी घेऊन गेला. त्याला आता दीड वर्ष होईल. होडी सापडली, तो सापडला नाही. मालक म्हणतात, उरलेलं घरच्याच माणसाने लिहावं. नाहीतर ते दुसरा कुणी लेखक बघतील.

म्हणून आधी वाचकांची पत्रं घेऊन बसले. दोन खोकी भरून आहेत. मला वाटलं होतं, ह्यांना राजांच्या वंशावळी आणि लढायांच्या सनावळ्या हव्या असतील. छे! एकाने स्पष्टच लिहिलंय, की राजा दोन ओळींत आटपा, आमच्या टोळीची आणि राजाची गाठ कधी पडतच नाही. गाठ पडते ती नाक्यावरच्या पहारेकऱ्याशी, तर तो कशाने चिडतो ते सांगा. एका शिक्षिकाबाईंना हवंय, की तिथली माणसं मुलांना भीती घालायला कुणाचं नाव घेतात. कुणाला गावातल्या अफवा हव्यात, पण त्यातली खरी कुठली ते फक्त सूत्रधाराला कळावं. आणि जवळजवळ प्रत्येक जण शेवटी बजावतो, की सगळं भरून टाकू नका, आमच्यासाठी एखादा कोपरा मोकळा ठेवा.

इथवर ठीक. पण परवा एक पत्र आलं. टाइप केलेलं, सही नाही, पत्ता नाही. विचारलंय, की दलदलीतली नावाडीण अजून उतारू मोजते का, आणि मोजून झाल्यावर एक उतारू जास्तच भरतो का. आत्या, ही नावाडीण कुठल्याही छापील पुस्तकात नाही. घरी येऊन दादाचं कपाट उघडलं. कुलूप होतं, ते मी त्याच दिवशी पहिल्यांदा काढलं. आत त्याची वही, आणि वहीत त्याच शब्दांत ओळ: ‘मोजल्यावर नेहमी एक उतारू जास्त.’

तुझ्याशी तो कधी हे बोलला होता का? आईला मी काही दाखवलेलं नाही. तुझी माया मला पुरून उरते, तरी ह्या खेपेला थोडी जास्तच पाठव.

तुझी,
भिंगरी


११ मार्च

चि. भिंगरीस,

अ. उ. आ. आणि डोक्यात एक टपली. कचेरीच्या वेळेत घरची पत्रं लिहितेस, मालकांना कळलं तर माझं नाव सांगू नकोस.

नावाडणीचं एवढं काय घेऊन बसलीस? दलदल म्हटली की होडी आली, होडी म्हटली की वल्हवणारं कुणीतरी आलंच. सुचलं असेल एखाद्याला. वाचक काय कमी चलाख असतात का?

पुस्तकाचं म्हणशील तर मी नकाशेखात्यात बत्तीस वर्षं मान मोडून काम केलंय, त्या हक्काने सांगते. दलदलीचा काठ कधी एका जागी राहत नाही. आज आखला तर पुढच्या साली तो तिथे नसतो. जे मोजलेलं नाही तिथे आम्ही तुटक रेघ काढायचो आणि रंग भरायचो नाही. वरचे साहेब कितीही ओरडले तरी नाही. तुझ्या दादाने उत्तरेची बाजू कोरी सोडली आहे, ती कोरीच छापा. दुसऱ्या लेखकाला त्यात हात घालू देऊ नकोस. लोकांना काय हवं ते तुला पत्रांतून कळलंच आहे: एखादा रस्ता, जिथे आपणहून चुकता येईल.

डोळ्याचं मागे विचारलं होतंस. डाव्याने आता रेघ दिसते, पण दोन दिसतात. वहिनीला सांग, गुडघ्यांवर वजन टाकू नये आणि जिना कमी चढावा.

माझी आठवण कामाव्यतिरिक्तही येत राहो.

आत्या


२९ मार्च

ती. आत्यास,

शि. सा. न. वि. वि. तुझ्या पत्रानंतर अजून दोन पत्रं आली. तसाच टाइप, तसाच पिवळट कागद. पहिल्यात भरती-ओहोटीची नोंद ठेवणाऱ्या बाईबद्दल आहे, जी अजून न आलेल्या माणसांची नावंही वहीत लिहून ठेवते. हेही दादाच्या वहीत आहे. दुसऱ्यात एकच वाक्य: उत्तरेला तो काय ठेवणार होता, की तो स्वतःच तिकडे जाऊन राहिलाय?

ते दुसरं पत्र माझ्या पिशवीतून आईच्या हाती लागलं. त्याला बारा दिवस झाले. तिने ते उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, आणि म्हणाली की असं तिरकं बोलणारं माणूस आपल्या घरात एकच होतं. तेव्हापासून ती बदलली आहे. त्याची गादी उन्हात टाकली. त्याचे शर्ट धुऊन, इस्त्री करून खुर्चीवर ठेवले. दाराच्या किल्लीची जास्तीची प्रत करून आणली. दुपारी जेवण झालं की ती दारात खुर्ची टाकून बसते. आजारी नाही, उलट टवटवीत दिसते. दीड वर्षात पहिल्यांदा काल ती मला हसून ओरडली. तिचं म्हणणं, तो कशावर तरी रुसून कुठेतरी राहिलाय आणि आता हळूहळू तोंड उघडतोय.

मी तिला खोडून काढायला हवं होतं. मी काढलं नाही, कारण मलाही तसंच वाटायला लागलंय. छापखान्यात मी त्याच्याच खुर्चीवर बसते. परवा सहज खोलीतली माणसं मोजली. कंपोझिटर, बाइंडर, मालक, मी. चार. पण मोजताना पाच झाली. पुन्हा मोजली, पुन्हा पाच. मग मी खाली मान घालून मुद्रितं तपासत बसले आणि दिवसभर वर बघितलं नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी होडी सापडली त्या धक्क्यावर जातोय. आईने त्याचे कपडे पिशवीत भरलेत. ती म्हणते, तो आला तर ओल्या अंगाने कसा परत येईल?

तुझा हात डोक्यावर असू दे. सध्या तेवढाच खरा वाटतो.

भिंगरी


२ एप्रिल

चि. भिंगरीस,

आशीर्वाद लिहायचा धीर होत नाही. धक्क्यावर जाऊ नका. आईला नेऊ नकोस. ती तिन्ही पत्रं मी लिहिली.

सगळं सांगते. सहा वर्षं तुझा दादा माझ्याशी तो खेळ टपालाने खेळत होता. मी निवृत्त झाले तेव्हा घर खायला उठायचं. त्याने पहिल्या पुस्तकाच्या नकाशासाठी विचारलं आणि वर लिहिलं, की नुसत्या रेघा काय ओढतेस, जरा आत येऊन बघ. मला त्याने भरती-ओहोटीची नोंद ठेवणारी बाई केलं. दर पंधरा दिवसांनी पाकीट यायचं. तो लिहायचा, असं असं झालं, आता तू काय करशील? मी फासे टाकून उत्तर धाडायची. अख्खी दलदल आम्ही दोघांनी अशी पायाखाली घातली. लाज वाटायची म्हणून कुणाला बोलले नाही. साठीची बाई खोट्या दुनियेत होडीतून हिंडते, हे कुणाला सांगायचं?

तू लिहिण्याच्या आधीच मालकांनी मला नकाशासाठी पत्र घातलं होतं, त्यात दुसऱ्या लेखकाचं त्यांनी लिहिलं. ते वाचून मला राहवलं नाही. वाटलं, वाचकाच्या नावाने दोन ओळी गेल्या तर ते थबकतील. आणि खरं सांगायचं तर, त्या नावाडणीबद्दल कुणालातरी काहीतरी विचारायचं होतं. तू घाबरलीस हे कळल्यावरही मी पुढची दोन धाडली. त्याला काही सबब नाही.

अजून एक आहे, तेही आजच लिहिते. खुर्चीत बसून दलदल लिहिता येत नाही, एकदा चिखलात पाय घालून ये, असं त्याला मीच लिहिलं होतं. तो गेला तो माझ्या शब्दावर. त्याचं शेवटचं पाकीट बातमीनंतर चौथ्या दिवशी माझ्या दारात पडलं. मी ते फोडलेलं नाही. माझ्यात ती हिंमत नाही. सोबत पाठवतेय. वाचा, नाहीतर जाळा.

ह्यापुढे तू लिहिलं नाहीस तरी मी समजेन.

आत्या


९ एप्रिल

ती. वन्संस,

नमस्कार. मुलीने तुमचं पत्र मला वाचून दाखवलं. मी दोनदा वाचायला लावलं.

एकोणीस दिवस माझा मुलगा जिवंत होता, वन्सं. पहिल्यांदा पाण्याने नेला, ह्या खेपेला तुम्ही नेलात. तुमचे भाऊ गेले तेव्हा मी तुमच्या खांद्यावर रडले होते. आता कुणाच्या खांद्यावर रडू?

चिखलात जा म्हणालात, त्याचा राग नाही. त्याला मी लहानपणापासून पाण्याजवळ जाऊ नको म्हणत आले, त्याने कधी ऐकलं? तुमचं ऐकलं असं समजू नका, तो स्वतःच्याच मनाने गेला. हे मी तुमचं मन राखायला लिहीत नाही. माझा मुलगा होता, मला ठाऊक आहे. राग आहे तो सहा वर्षांचा. दर पंधरवड्याला तो तुम्हाला लिहीत होता आणि शेजारच्या खोलीत बसून मी विचारायची काय लिहितोस, तर म्हणायचा काही नाही.

पाकीट आम्ही अजून फोडलेलं नाही. फोडू तेव्हा कळवू.

राग ओसरेल तेव्हा पुन्हा लिहीन. तब्येतीला जपा.

तुमची वहिनी


३० एप्रिल

ती. आत्यास,

शि. सा. न. वि. वि. इतके दिवस लिहिलं नाही. लिहायला बसले की वाईटसाईट शब्द यायचे, ते तुला धाडायचे नव्हते.

पाकीट रविवारी सकाळी फोडलं. आईने चष्मा पुसला आणि म्हणाली, वाच. मला वाटत होतं, काहीतरी निरोपाचं असेल. तसं काहीच नाही. खेळातलीच पुढची हकिगत आहे. पाणी चढतंय, नावाडणीने उतारू मोजलेत, एक जास्त आहे, आणि तो कोण हे ओळखायचं काम तिने तुझ्यावर सोपवलंय. खाली त्याने लिहिलंय: घाई नाही आत्या, पुढच्या पंधरवड्यात कळव. आणि उत्तरेचा नकाशा लवकर पाठव, आळशीपणा पुरे. आईने ‘घाई नाही’ एवढ्या दोन शब्दांवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. मग तिने विचारलं, ह्यावर आत्याने काय उत्तर द्यायचं असतं? मी म्हटलं, जे तिला वाटेल ते. ती म्हणाली, म्हणजे हे सहा वर्षं असं चाललं होतं तर. त्यात राग नव्हता. म्हणजे होता, पण वेगळा होता.

पाकीट परत पाठवतेय. तुझं आहे, तूच ठेव.

आता मुख्य गोष्ट. तू तीन पत्रं लिहिलीस. मी पुस्तकाच्या कामासाठी खोकी पुन्हा उपसली, तर तळाशी एका रबराने बांधलेली अजून तीन निघाली. हाताने लिहिलेली, दादाच्या नावाने. बंदरावर क्रेन चालवणारा एक माणूस आहे. दादा त्याच्याशीही टपालाने खेळत होता! तो वैद्य झालाय. पहिलं पत्र दादा गेला त्याच आठवड्यातलं आहे. होडी कलंडून हा वैद्य दलदलीत पडलाय, गळ्यापर्यंत पाणी आहे, हातात लव्हाळ्याची काडी. त्याने फासे टाकले, सात आले, आणि विचारलंय की सात पुरतात का? दुसऱ्यात आठवण केली आहे. तिसरं मागच्या डिसेंबरचं. त्यात एवढंच: सूत्रधारमहाशय, मी अजून पाण्यातच आहे.

हे मी स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्याने वाचलं. नको होतं वाचायला. आईच्या हातातली पळी तशीच राहिली.

मी नियमांचं पुस्तक काढलं. गळ्यापर्यंत पाण्यात असाल तर नऊ लागतात. सात पुरत नाहीत. नियमाने तो बुडाला. आईने विचारलं, काय म्हणतंय तुझं पुस्तक? मी सांगितलं. तिने गॅस बंद केला, हात पुसले, माझ्या समोर येऊन बसली आणि म्हणाली की दीड वर्ष पाण्यात उभं राहिलेल्या माणसाला आकडे कसले सांगतेस, आधी त्याला वर काढ. मी म्हटलं, सूत्रधाराला असं करता येत नाही, मग खेळ कसला? ती म्हणाली, तर मग मला कर सूत्रधार.

आणि तिने सांगितलं, मी लिहून घेतलं. पाणी कुठे ओसरतंय, पायाखाली घट्ट जमीन कधी लागते, काठावर कुणाच्या घरात चूल पेटलेली आहे, तिथली म्हातारी काही न विचारता कोरडे कपडे कसे पुढे करते. शिक्षिकाबाई आणि बाकीचे वाचक जे जे मागतात ते सगळं तिने एका दमात सांगितलं, एकदाही न अडखळता. शेवटी म्हणाली, आता तो काय करेल ते त्याला विचार.

क्रेनवाल्याला मी पहिल्या परिच्छेदात दादाचं खरं काय झालं ते कळवलं. दुसऱ्यापासून आईचं. पत्र पेटीत टाकायला ती माझ्याबरोबर आली, आणि पत्र आत पडल्याचा आवाज होईपर्यंत तिने माझा दंड सोडला नाही.

आई अजून तुझ्याशी बोलणार नाही म्हणते. तिची समजूत काढायला येऊ नकोस, पण ये. आणि जे काही उरलंय ते आम्हा दोघींवर सोडून देऊ नकोस.

तुझी,
भिंगरी